आराखडा, निगा आणि कामगाराचा पगार

सॉफ्टवेअरची रचना हा इंजिनियर मंडळींचा आपसांतला विषय, कामगारांना त्याच्याशी काय कर्तव्य, असा एक समज आहे. आम्हांस तो मान्य नाही. आज हजेरी यंत्र घेते आणि पगारपत्रक संगणक काढतो. तेव्हा त्या आज्ञावलीची मांडणी कशी झाली, हा प्रश्न थेट आपल्या चुलीपर्यंत येतो.

प्रथम रचना म्हणजे काय ते पाहू. आपल्या पनवेलपासून जवळच, बेलापूर येथे, चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी एक वसाहत उभारली. एका अंगणाभोवती सात घरे, आणि कोणत्याही दोन घरांत भिंत सामाईक नाही. कारण उघड आहे. घरात सून आली, खोली वाढवावी लागली, तर शेजाऱ्याच्या भिंतीला हात न लावता वाढवता यावी. पुढे लोकांनी घरे वाढविली, काहींनी पाडून नवी बांधली. आराखड्याने बदलाला जागा ठेवली होती.

आज्ञावलीचेही मर्म हेच. महागाईप्रमाणे विशेष भत्ता वेळोवेळी बदलतो. भत्त्याचा दर एकाच कोष्टकात असेल आणि हिशेबाचा प्रत्येक भाग तो तेथूनच घेत असेल, तर एक आकडा बदलला की काम झाले. परंतु तोच आकडा जादा काम, रजा, भविष्यनिर्वाह निधी अशा ठिकठिकाणी वेगवेगळा लिहून ठेवला असेल, तर नऊ जागी तो बदलतो, दहाव्या जागी राहून जातो, आणि तेवढ्यापायी कामगाराचे पैसे बुडतात. ‘संगणकाने काढले’ या उत्तरापुढे मग कारकूनही हात टेकतो.

कोणी म्हणेल, आरंभीच उत्तम आराखडा करावा आणि निश्चिंत व्हावे. तसे होत नाही. पूर्वी संगणकाची स्मृती महाग होती, म्हणून वर्षाचे दोनच अंक ठेवीत. ती काटकसर त्या काळी शहाणपणाची होती. पण सन २००० जवळ येताच जगभर ती दुरुस्त करावी लागली. मेयर लेमन या अभ्यासकाने १९७४ सालीच दाखवून दिले होते की, वापरातील आज्ञावली सतत बदलावी लागते, आणि बदलताना मुद्दाम निगा न राखल्यास तिचा गुंता वाढत जातो.

म्हणजे रचना हे एकदाच उरकण्याचे काम नव्हे. ते रोजचे काम आहे. त्याला वेळ लागतो, माणसे लागतात, पैसा लागतो. मालक तो वाचवू पाहतो, आणि त्या बचतीची किंमत पगारपत्रकाच्या तळाशी कामगार भरतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, पगाराच्या आज्ञावलीत बदल होईल तेव्हा नवा हिशेब जुन्या पगारपत्रकांशी ताडून पाहावा, आणि त्या वेळी टाइमकीपर व कामगार प्रतिनिधी यांना शेजारी बसवावे. हिशेब कोठे अडतो हे त्यांना आधी कळते. वेतनकराराच्या मसुद्यात हे एक कलम मागण्यास आपण कचरू नये.