चाकाला धरून ठेवतं कोण?

सुट्टीत समुद्रकाठच्या किहीम गावी गर्दी झाली, की सुरूच्या बनाकडेला गाड्याच गाड्या दिसतात. काही पेणवरून रस्त्यानं आलेल्या, काही मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत बसून मांडव्याला उतरलेल्या. (2020 पासून ही सोय आहे. गाडी बोटीत बसते, बघायला काय मजा येते!) अशा एखाद्या उभ्या गाडीच्या चाकाजवळ जा आणि मधले बोल्ट मोजा. चार नाहीतर पाच. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन दीड टनाच्या घरात, आणि एका चाकाला एवढेसेच बोल्ट!

मग गाडी या बोल्टांवर टांगलेली असते का? अजिबात नाही. खरी गंमत पुढेच आहे.

पान्यानं आवळला की बोल्ट ताणला जातो. हो, पोलादसुद्धा ताणलं जातं! मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण ताणलं जातं. ताणलेला बोल्ट परत आखडायला बघतो आणि चाकाच्या रिमला मागच्या हबवर (चाक ज्याच्यावर बसतं तो भाग) घट्ट दाबून धरतो. किती घट्ट? समजा, पाना 40 सेंटिमीटर लांब आहे आणि त्याच्या टोकाला 30 किलोंचा जोर लावला. तेवढ्यानं 14 मिलिमीटर जाडीचा एक बोल्ट सुमारे 4 टनांच्या जोरानं रिम दाबतो. पाच बोल्ट मिळून 20 टन! एवढ्या दाबाखाली रिम आणि हब यांच्यात जबरदस्त घर्षण तयार होतं. गाडीचं वजन, खड्ड्यातले दणके, ब्रेकचा हिसका, सगळं हे घर्षण पेलतं. बोल्टाचं काम फक्त दाबून धरायचं.

किहीमच्या सुगरण पक्ष्यालाही घर्षण उपयोगी पडतं. त्याचं घरटं गवताच्या पात्यांची वीण आणि गाठी यांच्या पकडीवर लोंबकळतं, फांदीला चिकटवायला डिंक लागत नाही. पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी 1930 साली किहीमलाच राहून या पक्ष्यांचा अभ्यास केला. नर घरटं विणत आणतो, मग मादी येऊन ते तपासते आणि पसंत पडलं तरच तिथं संसार थाटते, हे त्यांनी बारकाईनं टिपलं. बोल्ट निवडणाऱ्यानंही तिच्याइतकंच चोखंदळ असायला हवं.

आधी बोल्टावरचे आटे बघायचे. काही गाड्यांत बोल्ट हबलाच बसवलेले असतात आणि वरून नट आवळायचा असतो. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना चाकाचे नट 12 मिलिमीटरचे असतात, शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर. ह्युंदाईचे नटही 12 चेच, पण तिथं अंतर 1.5. डोळ्यांना फरक कळतच नाही! चुकीचा नट दोन-तीन फेरे सहज फिरतो, मग अडकतो. तिथं जोर केला की आटे गेलेच म्हणून समजा. म्हणून नट असो वा बोल्ट, सुरुवात नेहमी हातानं करायची, पान्यानं नाही.

चाकणला 2009 पासून फोक्सवॅगनच्या गाड्या बनतात. त्यांना नट नसतात, थेट बोल्ट असतात. रिमवर टेकणारा त्यांचा भाग गोलसर असतो. बाजारातल्या कितीतरी अलॉय चाकांना मात्र निमुळत्या बुडाचा बोल्ट लागतो. गोलाच्या खळग्यात निमुळता बसवला, तर तो एका बारीक कडेवरच टेकतो, आणि चालत्या गाडीच्या थरथरीनं सैल होतो. लांबीचंही तसंच. आखूड बोल्टाला पुरेसे आटे मिळत नाहीत, फार लांब बोल्ट पलीकडे निघून ब्रेकच्या भागांना घासू शकतो.

बोल्टाच्या डोक्यावर 10.9 असा आकडा दिसला तर ओळखा, हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे 100 किलोंचा ताण सोसतं, मगच तुटतं!

किहीममध्ये आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. तिनं गंज लवकर धरतो, म्हणून बोल्टांवर जस्ताचा थर देतात. जस्त आधी स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. गंज नको म्हणून आट्यांना ग्रीस फासावंसं वाटेल, पण कंपनीनं सांगितलं नसेल तर ते करू नये. निसरडे आटे जास्त फिरतात, आणि तेवढ्याच जोरात बोल्ट हवा त्याहून फार ताणला जातो. रिम आणि हब जिथं एकमेकांना टेकतात, तिथला गंज मात्र तारेच्या ब्रशनं काढायलाच हवा. तो राहिला तर पुढे भुगा होऊन निघतो, मध्ये फट पडते आणि दाब कमी होतो.

आवळतानाही एक सोडून एक बोल्ट घ्यायचा, चांदणी काढल्यासारखा, म्हणजे रिम सगळीकडून सारखी बसते. मग 50 ते 100 किलोमीटर गाडी चालवून पुन्हा पाना लावून बघायचं. मुंबईत चाक बदलून पेणवरून आलेल्या गाडीची ती वेळ किहीमला पोहोचेपर्यंत झालेलीच असते. चाकं गार झाली, की घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात पाना द्या आणि क्रम तुम्ही सांगा.