सरकार नावाचं गिऱ्हाईक

आमच्या आदिलाबादच्या बाजूला ‘सरकारला माल विकला’ असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कापूस येतो. कापसाच्या गाड्यांची रांग, ओलावा मोजायचं यंत्र आणि सीसीआयची म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची खरेदी. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्याटक्क्याला कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. शेतकऱ्याच्या घरातल्या शाळकरी पोरालाही हे पाठ असतं.

पण सरकार काही फक्त कापूस घेत नाही. खुर्च्या, पंखे, रजिस्टरं, झाडू, फिनाईल, प्रिंटरची शाई, सतरंज्या, भाड्याची जीप, रात्रीचा पहारेकरी, संगणकाची दुरुस्ती हे सगळं सरकारी कार्यालयांना तुमच्याआमच्यासारखंच बाजारातून घ्यावं लागतं. आणि कापसाला जसा ओलाव्याचा नियम, तसा या प्रत्येक वस्तूलाही काही ना काही नियम असतो. तो नियम ज्याला कळला, त्याच्यासाठी सरकार हे एक गिऱ्हाईक आहे. मोठं, सावकाश चालणारं, पण बुडून न जाणारं गिऱ्हाईक.

गेली बरीच वर्षं आमचं घर या गिऱ्हाइकावर चाललं आहे. आम्ही मावल्यात राहतो. आदिलाबाद शहराला लागूनच आमचं गाव; २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा मावला हे स्वतंत्र मंडल झालं. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि हिंदी, टेंडरच्या कागदावर इंग्रजी, असा आमचा रोजचा कारभार. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. मंडळाच्या कार्यक्रमात तरुण मंडळी भेटली, की दोन प्रश्न हमखास येतात. ‘काकू, ओळखीशिवाय सरकारी काम मिळतं का?’ आणि ‘पैसे वेळेवर मिळतात का?’ त्या दोन प्रश्नांची उत्तरं इथं जरा सविस्तर देते.

राजाची खरेदी

राज्य चालवणाऱ्यानं रयतेकडून वस्तू कशी घ्यावी, हा प्रश्न जुनाच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाबद्दल स्पष्ट सूचना आहे. आंबा, फणस ही झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडू नयेत. अगदीच जीर्ण झालेलं झाड हवं असेल, तर धन्याला राजी करून, योग्य ते द्रव्य देऊन घ्यावं. जबरदस्ती करू नये. आजच्या खरेदी नियमांचा गाभा यापेक्षा वेगळा नाही. गरज असेल तेवढंच घ्या, योग्य किंमत द्या, कुणावर अन्याय करू नका.

स्वतंत्र भारतात केंद्र सरकारच्या मोठ्या खरेदीचं काम ‘डीजीएसअँडडी’ नावाचं खातं बघायचं. ते २०१७ च्या ऑक्टोबरअखेर बंद झालं. त्याची जागा घेतली ‘जेम’नं, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसनं. हे पोर्टल ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालं. पहिल्या आर्थिक वर्षात त्यावर सुमारे ४२२ कोटींची खरेदी झाली होती; २०२४-२५ मध्ये हा आकडा ५ लाख कोटींच्या पुढे गेला. केंद्राच्या कार्यालयांना जी वस्तू किंवा सेवा जेमवर मिळते, ती तिथूनच घेणं २०१७ च्या वित्तीय नियमांनी बंधनकारक केलं.

राज्याच्या कार्यालयांचं दालन वेगळं. संयुक्त आंध्र प्रदेशानं २००३ मध्येच ई-प्रोक्युरमेंट सुरू केलं होतं. तेलंगणाचं स्वतःचं ई-टेंडरचं संकेतस्थळ आहे. त्यामुळे आमच्यासारख्यांना दोन्ही दारांवर लक्ष ठेवावं लागतं.

काम मिळतं कसं?

जेमवर खरेदीच्या ढोबळमानानं तीन पायऱ्या आहेत. अगदी लहान रकमेची खरेदी कार्यालय थेट करू शकतं. मधल्या रकमेला किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या किमती ताडून सगळ्यांत कमी किमतीचा माल घ्यावा लागतो. त्यावरच्या रकमेला बोली किंवा उलटा लिलाव. एके काळी या मर्यादा २५ हजार आणि ५ लाख अशा होत्या. पुढे त्या वाढवल्या गेल्या. म्हणून चालू आकडा पोर्टलवरच बघावा, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

‘उलटा लिलाव’ हा शब्द नव्या मुलांना गमतीचा वाटतो. आपल्या नेहमीच्या लिलावात बोली चढत जाते, इथं ती उतरत जाते. स्क्रीनवर घड्याळ चालू असतं, समोरचा दोन रुपये उतरतो, आपण तीन उतरतो. या खेळात जिंकणं सोपं आहे. जिंकल्यावर माल त्या भावात देणं अवघड आहे. म्हणून आमच्याकडे बोलीच्या आधी वहीत एक आकडा लिहिलेला असतो. कागद, पुठ्ठा, मजुरी, वीज, वाहतूक, जीएसटी आणि बिल येईपर्यंतचं व्याज एवढं धरून आलेला आकडा. त्याच्या खाली उतरायचं नाही. घड्याळाला काय, ते चालूच राहणार.

मग ओळखीचं काय? खोटं कशाला सांगू, ओळखीनं कामं होतात असं लोक म्हणतात, आणि ते सगळंच खोटं नसतं. एखाद्या टेंडरमध्ये अटी अशा रचलेल्या दिसतात, की त्या एकाच पुरवठादाराच्या मापाचा सदरा वाटतो. कधी तीन जण आपसांत ठरवून भाव भरतात. असं संगनमत स्पर्धा कायदा, २००२ नुसार बेकायदा आहे. पण पूर्वी टेंडरची नोटीस कुठल्या फळ्यावर लागली, हे कळायलाच ओळख लागायची. आता नोटीस मावल्यातही त्याच मिनिटाला दिसते, जेव्हा ती दिल्लीत दिसते. बोलीपूर्वी लेखी शंका विचारता येते आणि आमचा अनुभव असा, की नीट, नम्र भाषेत विचारलेल्या शंकेमुळे अट बदललेली आम्ही दोनदा पाहिली आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मावल्याला जशी दिल्लीची नोटीस दिसते, तसा दिल्लीच्या व्यापाऱ्यालाही आदिलाबादचा भाव दिसतो. जो माल पूर्वी गावातल्या चार दुकानांतून जायचा, तो आता हजार किलोमीटरवरून कुरिअरनं येतो. आमच्या ओळखीतल्या दोन दुकानदारांनी कार्यालयांना माल देणं सोडून दिलं. लहान गावाच्या बाजाराला हा फटका खरा आहे, आणि ‘पारदर्शकता आली’ एवढं म्हणून तो पुसला जात नाही.

पैसे मिळतात का?

मिळतात. कधी मिळतात, हा खरा प्रश्न.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाला आम्ही स्टेशनरी दिली. माल स्वीकारला, पोच दिली, आणि बिल सात महिने अडकलं. कधी सही करणारे साहेब बदलले, कधी निधी आला नाही, कधी फाईल वरच्या टेबलावर. त्या वर्षी मुलीची कॉलेजची फी भरायची होती. सोनं गहाण ठेवून भरली. घरचे खेटे घालून दमले, तेव्हा आम्ही बोलणं बंद करून लिहिणं सुरू केलं. दर पंधरा दिवसांनी एक पत्र, त्यावर पोचेचा शिक्का, आणि शेवटी माहिती अधिकारात एक साधा अर्ज की आमचं बिल आजच्या तारखेला कोणाच्या टेबलावर आहे. महिन्याभरात पैसे आले. कुणाशी भांडण झालं नाही, कुणाला काही द्यावं लागलं नाही.

त्या काळात मी एक कायदा वाचला, आणि आमचा धंदाच बदलला. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो, की लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं झालं पाहिजे. नाही झालं, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या हिशोबानं चक्रवाढ व्याज लागतं. खासगी गिऱ्हाइकाप्रमाणे सरकारी गिऱ्हाइकालाही हे लागू आहे. तक्रार ऑनलाइन करता येते. ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते.

पण यात एक मेख आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. हे संरक्षण वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसता घेऊन विकणारा व्यापारी त्यात येत नाही. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच. म्हणजे आम्ही तयार रजिस्टरं आणून विकत होतो तोवर हा कायदा आमचा नव्हता. मग आम्ही एक कटिंग मशीन घेतलं, बाइंडिंगला दोन बाया ठेवल्या, आणि रजिस्टरं, फाईल-कव्हरं स्वतः करू लागलो. दुकानाची पाटी तीच राहिली, पण कायद्याच्या दृष्टीनं आम्ही उत्पादक झालो.

त्याचा दुसरा फायदाही झाला. केंद्राच्या २०१२ च्या धोरणानुसार मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी आपल्या वर्षाच्या खरेदीतला ठरावीक वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. हा वाटा आधी २० टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून २५ टक्के झाला. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. बयाणा रक्कम माफ. शिवाय समजा, एखाद्या मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी भाव १०० रुपये आहे आणि आपला ११२. फरक १५ टक्क्यांच्या आत आहे, म्हणून १०० रुपयांना यायची तयारी असेल तर त्या मालातला वाटा आपल्याला मिळू शकतो. गावातल्या लहान कारखान्याला दिल्लीशी लढायला एवढा आधार पुरतो.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्या वहीतल्या काही गोष्टी देते.

• उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. जेमवरची नोंदणीही स्वतःची स्वतः करता येते. ‘आम्ही करून देतो, एवढे पाठवा’ असा फोन आला, तर ठेवून द्यावा.

• टेंडरचा कागद शेवटच्या पानापासून वाचावा. माल कुठे पोचवायचा, किती ठिकाणी, उशिराला दंड किती, हे बहुधा मागच्या पानांत असतं, आणि नफा-तोटा तिथंच ठरतो.

• जेमवर माल पोचल्यावर कार्यालयाला दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला द्यायचा असतो, आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे. म्हणून माल टाकला की काम संपलं असं नाही. त्या दाखल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी.

• अडीच लाखांवरच्या कंत्राटात सरकारी कार्यालय २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं. ती रक्कम बुडत नाही, जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या खात्यात येते. ती तिथं आलेली बघायची सवय ठेवावी.

• नमुना जसा दिला, माल तसाच द्यावा. एकदा नाव काळ्या यादीत गेलं, की दार बरीच वर्षं बंद.

• एकाच गिऱ्हाइकावर घर चालवू नये, मग ते सरकार का असेना. निदान तीन महिने बिल आलं नाही तरी चूल पेटेल, एवढी सोय हवी.

माल बनवायला भांडवल नसेल, तर सेवाही विकता येते. संगणकांची देखभाल, माहिती भरणं, भाषांतर, वाहन भाड्यानं देणं ही सगळी सरकारी खरेदीच. आमच्या राज्यात सरकारी शाळांच्या गणवेशाची शिलाई महिला बचत गटांकडे दिली गेली आहे. शिवणयंत्र घरचंच, गिऱ्हाईक मात्र सरकार. मराठी, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा बोलत वाढलेलं सीमेवरचं पोर हैदराबादला जाऊन नोकरी शोधतं, ते चांगलंच आहे. पण टेंडरचा सत्तर पानी कागद समजून घेणं, चार भाषांत पत्र लिहिणं आणि हिशोब चोख ठेवणं याची गरज इथंही आहे. आमच्याकडे माल करणारे हात भरपूर आहेत; कागद वाचणारे डोळे कमी आहेत.

म्हणून या मासिकाच्या तरुण वाचकांना एक सुचवते. सुट्टीत गावी आलात, की घरातल्या किंवा शेजारच्या कुणाचा लहानसा धंदा असेल, तर एका दुपारी त्यांच्याजवळ बसा. त्यांची उद्यम नोंदणी आहे का, त्यात ते उत्पादक आहेत की व्यापारी, कुणाकडे ४५ दिवसांवरचं बिल अडकलं आहे का, एवढं बघा. ज्यांचं अडकलं असेल, त्यांना एक पत्र लिहून द्या आणि त्यावर पोचेचा शिक्का घ्यायला सांगा.