हातभर जागेचा तंटा

सायंकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास जळगावच्या अजिंठा चौफुलीवर वाहतूक थबकली, की मोटारी, पिकअप आणि मालट्रक एकामागोमाग उभे राहतात. लगेच त्यांच्या मधल्या फटींतून दुचाक्या पुढे सरकू लागतात. कुणाचे हँडल मोटारीच्या आरशाला लागते, कुणाची पिशवी दारावर घासते. मोटारीची काच खाली होते, चार शब्द बाहेर पडतात, तिकडूनही दोन येतात. तेवढ्यात रस्ता मोकळा होतो आणि दोघेही मनात राग घेऊन आपापल्या वाटेने निघून जातात. धुळ्याच्या आग्रा रोडवर सणासुदीच्या दिवसांत हाच प्रकार घडतो. तिथे फक्त ट्रकची जागा लोटगाडीने घेतलेली असते.

मोटारीत बसलेल्याला वाटते, दुचाकीवाल्यांना शिस्त नाही. दुचाकीस्वाराला वाटते, मोटारवाल्याने सारा रस्ता विकत घेतला आहे. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. मात्र या तंट्यात एकाचा जातो तो मोटारीचा रंग आणि दुसऱ्याचे मोडते ते हाड, कधी कधी प्राणही जातात. म्हणून या प्रश्नाचा विचार रागाच्या पलीकडे जाऊन करणे आवश्यक आहे.

हा रस्ता असा का झाला?

पूर्वी ज्याला महामार्ग क्रमांक ६ म्हणत, तो आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३. सुरतेकडून येऊन धुळे, पारोळा, एरंडोल, पाळधी करीत तो जळगाव शहराच्या मधोमध शिरतो आणि पुढे भुसावळमार्गे विदर्भाकडे जातो. शहर त्याच्या दोन्ही अंगांना वाढले. त्यामुळे लांब पल्ल्याचा ट्रक, रावेर-यावलकडील केळीची गाडी, विद्यापीठाकडे निघालेला विद्यार्थी, भाजी आणायला निघालेली गृहिणी आणि औद्योगिक वसाहतीतून परतणारा कामगार या सर्वांना एकाच डांबरी पट्ट्यावर यावे लागले. समांतर रस्त्यांची मागणी जळगावकरांनी वर्षानुवर्षे लावून धरली, ती याच दुःखातून. खोटेनगर ते कालिंका माता चौक या भागात महामार्ग चौपदरी झाला आणि पाळधी ते तरसोद असा शहराबाहेरून वळणमार्गही आखला गेला. मात्र शहरातल्या शहरात ये-जा करणाऱ्या दुचाकीसाठी वेगळी वाट फारशी निर्माण झाली नाही.

धुळ्याची कथा निराळी आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी मुंबई-आग्रा मार्गावरील हे ठिकाण आपल्या कारभाराचे केंद्र म्हणून निवडले आणि व्यापाऱ्यांनी येथे येऊन वसावे यासाठी उत्तेजन दिले. सरळ रेषेत आखलेल्या आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या धुळ्याच्या गल्ल्यांचे आजही कौतुक होते. मात्र ती आखणी बैलगाडी आणि टांग्याच्या काळातली होती. त्या रुंदीत आज दुकानाच्या पुढे आलेली पायरी, पायरीपुढे उभी केलेली मोटार, तिच्यापुढे लोटगाडी आणि त्यापुढे उरलेल्या जागेत वाहती वाहने असा संसार मांडलेला आहे. दुचाकी फटीतून जाते हे खरे. पण त्या रस्त्याची फट कुणी केली, हा प्रश्नही विचारला पाहिजे.

फटीचे गणित

महामार्गावरील एका पदराची रुंदी साधारणपणे साडेतीन मीटर धरतात. नेहमीच्या वापरातील लहान मोटार सुमारे १.७ मीटर रुंद असते. दोन पदरांत दोन मोटारी अगदी मधोमध उभ्या राहिल्या, तर त्यांच्यामध्ये १.८ मीटर अंतर राहते. दोन्हीकडचे आरसे वजा केले, की ते दीड मीटरच्या आत येते. स्कूटरच्या हँडलची रुंदी सुमारे ७० सेंटीमीटर. म्हणजे स्वाराच्या प्रत्येक बाजूला जेमतेम ३५ ते ४० सेंटीमीटर, आपल्या जुन्या मापात सांगायचे तर हातभरही नाही, एवढीच जागा उरते. त्यातली एखादी मोटार थोडी तिरकी उभी असली किंवा शेजारी ट्रक असला, तर तेवढीही नाही.

एवढ्या जागेत सुरक्षितता ठरते ती वेगावरून. ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात पावणेतीन मीटर पुढे जाते, ताशी २० ने साडेपाच मीटर आणि ताशी ४० ने ११ मीटर. समोर एखादे दार उघडले, तर ते डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद तरी निघून जातो. पायी चालण्याच्या गतीने सरकणारा स्वार दारापाशी थांबू शकतो. चाळीसच्या गतीने येणारा दारावर आदळतो. फट तीच, दार तेच. फरक पडतो तो वेगाचा.

परदेशातील अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन रांगांमधून दुचाकी नेण्याची प्रथा जुनी आहे. बर्कले येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तेथील ५,९६९ अपघातग्रस्त दुचाकीस्वारांची माहिती तपासली. त्यांपैकी ९९७ जण अपघाताच्या वेळी रांगांमधून जात होते. भोवतालची वाहतूक ताशी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर, किंवा त्याहून हळू असेल आणि दुचाकीचा वेग इतरांपेक्षा ताशी १५ मैलांहून, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरहून, अधिक नसेल, तर धोका तुलनेने कमी राहतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. रांगेत उभ्या असलेल्या दुचाकीला मागून धडक बसण्याचा जो धोका असतो, तोही मधून जाणाऱ्यांच्या बाबतीत कमी आढळला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने जुलै २०१४ पासून या प्रथेला मान्यता दिली, ती मर्यादा घालूनच. वेग ताशी ३० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, पूर्ण परवाना असावा, शाळेच्या परिसरात हे करू नये आणि रस्त्याच्या कडेने किंवा उभ्या वाहनांना लागून जाऊ नये, असे तो नियम सांगतो. तैवानसारख्या देशात चौकातील थांबरेषेपुढे दुचाक्यांसाठी स्वतंत्र चौकट रंगवलेली असते. दिवा हिरवा झाला की त्या प्रथम निघतात आणि मागच्या मोटारींशी त्यांची झोंबाझोंबी होत नाही.

आपल्या केंद्रीय कायद्यात अशा मधून जाण्याला स्वतंत्र परवानगीही नाही आणि त्याची वेगळी मर्यादाही आखलेली नाही. पुढील वाहनाच्या उजवीकडून पुढे जावे, हा सर्वसाधारण नियम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य रीतीने दुसऱ्या वाहनाच्या पुढे जाणे, उलट दिशेने वाहन चालवणे आणि लाल दिवा ओलांडणे ही कृत्ये धोकादायक वाहन चालवण्यात मोडतात. पहिल्या गुन्ह्यासाठी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ज्या देशात नोंदलेल्या चार वाहनांपैकी सुमारे तीन दुचाक्या आहेत, तिथे प्रत्येक फटीवर पोलीस उभा करता येणार नाही. तिथे रीतच उपयोगी पडते, आणि ती आपण आपल्या वागण्यातून घालायची असते.

दोन्ही बाजूंनी पाहू

मोटारीतील माणसाने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांवर गेलेला असताना त्याच्या काचा बंद असतात आणि आत गारवा असतो. बाहेरचा स्वार तापलेल्या डांबरावर, ट्रकच्या धुराड्याशेजारी उभा असतो. पुढे सरकण्याची त्याची धडपड नेहमीच उर्मटपणातून येत नाही. म्हणून थांबलेल्या रांगेत त्याला जागा देणे हा पराभव मानू नये. मुद्दाम मोटार तिरकी करून फट बंद करणे ही शिक्षा नव्हे, तो अपघाताला दिलेला निमंत्रणाचा कागद आहे. पदर बदलण्यापूर्वी आरसा पाहावा, इंडिकेटर द्यावा आणि मगच वळावे. दार उघडताना उजवीकडे बसलेल्याने डाव्या हाताने कडी ओढावी. त्यामुळे शरीर आपोआप वळते आणि नजर मागे जाते. मागच्या आसनावरील मुलांनाही ही सवय लावता येते.

दुचाकीस्वाराने ध्यानात घ्यावे, की मोटारचालकाला सर्व काही दिसत नाही. विशेषतः ट्रकच्या डाव्या अंगाला आणि बोनेटच्या अगदी पुढे चालकाच्या दृष्टीला न येणारा मोठा भाग असतो. वळणाऱ्या ट्रकच्या डावीकडून शिरणारा स्वार चालकाच्या लेखी तिथे नसतोच. थांबलेल्या वाहतुकीत हळूहळू पुढे जाणे वेगळे आणि धावत्या वाहतुकीत कट मारणे वेगळे. पहिल्यात वेळ वाचतो. दुसऱ्यात फार तर पुढच्या चौकापर्यंतचे अर्धे मिनिट वाचते. रांग हलू लागली, की जिथे असू तिथे एका पदरात स्थिर व्हावे. हेल्मेटचा पट्टा बांधलेला असावा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती आणि हेल्मेट नसल्याने प्राण गमावलेल्यांची संख्या ५०,०२९ इतकी नोंदली गेली.

डावीकडच्या साइडपट्टीवरून गाडी दामटण्याची सवय तर सर्वथा सोडली पाहिजे. ती पट्टी पायी चालणाऱ्यांची आहे. चातुर्मास संपल्यावर शेषकाळात आपले साधू-साध्वी याच महामार्गांच्या कडेने अनवाणी विहार करतात. एका मोटारीला मागे टाकण्याच्या घाईत पट्टीवर उतरलेली दुचाकी त्यांच्याच पाठीमागून येत असते.

पेढीवरून सुरू होणारी घाई

या तंट्याचा एक धागा आपल्या दुकानांपर्यंत येतो. बँकेची वेळ संपत आलेली असताना आपण नोकराला धावत पाठवतो. ट्रान्सपोर्टवर माल सुटण्याच्या दहा मिनिटे आधी बिल्टी हातात देतो आणि वर "लवकर ये" असे बजावतो. रस्त्यावर ॲक्सिलरेटर पिळणारा हात त्या मुलाचा असतो. पण त्यामागची घाई गादीवरून सुरू झालेली असते. निघण्याची वेळ अर्धा तास अलीकडे आणली, तर त्या मुलाला फटीत शिरावे लागणार नाही, आणि व्यापाराचेही काही अडणार नाही. नोकराला पगाराबरोबर चांगले हेल्मेट देणे हा खर्च नसून जबाबदारी आहे.

दुकानासमोरच्या जागेचेही तसेच. ग्राहकाची मोटार दारात यावी, ही प्रत्येकाची इच्छा असते. परंतु ओळीने पंचवीस दुकानांसमोर पंचवीस मोटारी आणि माल उतरवणारे दोन टेम्पो उभे राहिले, तर वाहत्या रस्त्याला जेमतेम एक पदर उरतो. त्याच पदरात मोटारवाला आणि दुचाकीवाला एकमेकांवर डोळे वटारतात. बाजारातील व्यापाऱ्यांनी एकत्र बसून माल उतरवण्याची वेळ सकाळी दहापूर्वीची ठरवली आणि आपल्या स्वतःच्या गाड्या थोड्या दूर लावल्या, तर ग्राहकाला आणि वाहतुकीला दोघांनाही जागा मिळेल. यासाठी महापालिकेच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवटची गोष्ट घरातली. आपल्या बहुतेक घरांच्या अंगणात एक मोटार आणि दोन दुचाक्या असतात. सकाळी स्कूटरवरून मंडईत जाणारा माणूस दुपारी मोटारीतून वसुलीला निघतो आणि सकाळच्या आपल्याच वागण्याला दुपारी शिव्या देतो. त्यातच क्लासला उशीर होतो म्हणून दहावी-अकरावीतल्या मुला-मुलींच्या हाती ॲक्टिव्हाची किल्ली दिली जाते. सोळाव्या वर्षी कायदा परवानगी देतो ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या वाहनाची. बाजारात आज दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ज्या मुलाला अजून आरसा पाहण्याची सवय लागलेली नाही, त्याला दोन ट्रकांमधल्या फटीचा अंदाज कसा यावा?

मुलांना अठराव्या वर्षी परवाना मिळवून द्यावा, पण त्याआधी काही महिने मोटारीत शेजारी बसवून चालकाच्या जागेवरून रस्ता कसा दिसतो तेही दाखवावे. आरशात दुचाकी किती उशिरा दिसते, ट्रकच्या डावीकडे किती अंधार असतो, हे ज्याने एकदा त्या आसनावरून पाहिले, तो हँडल हाती आल्यावर फटीत शिरण्यापूर्वी क्षणभर थांबतो. आणि ज्या मोटारमालकाने आठवड्यातून एकदा तरी उन्हात स्कूटर चालवण्याची सवय सोडलेली नाही, तो काच खाली करून चार शब्द बोलण्याऐवजी स्टिअरिंग थोडे बाजूला घेतो.