पडद्याची शिट्टी ऐकू येते का?

जुन्या आर्केड गेमचे यंत्र दुरुस्तीला घेतले, की आधी त्याचा मॉनिटर ओळखावा लागतो. वरून साऱ्या काचेच्या नळ्या सारख्याच दिसतात. फरक असतो तो आतला इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला किती आडव्या रेषा आखतो, यात.

कमी रेझोल्यूशनचा साधा मॉनिटर घरातल्या जुन्या टीव्हीचाच भाऊ. एका चित्रात सुमारे २६२ रेषा, सेकंदाला ६० चित्रे; गुणाकार जवळपास १५,७०० हर्ट्झ. १९८० चा ‘पॅक-मॅन’ याच जातीचा, फक्त त्यातली नळी उभी बसवलेली. अटारीच्या ‘पेपरबॉय’ला मध्यम, म्हणजे २५ हजारांच्या आसपासचा मॉनिटर लागतो. सेगाचा १९९८ चा ‘नाओमी’ संगणकाप्रमाणे ३१ हजारांवर चालतो.

गंमत म्हणजे पहिली जात कानाने ओळखता येते. तिचा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर त्याच गतीने थरथरतो आणि बारीक शिट्टी वाजते. माणसाच्या श्रवणाची मर्यादा सुमारे २० हजार हर्ट्झ, त्यामुळे बाकीच्या दोन जाती आपल्यापुरत्या मुक्याच. मात्र वय वाढते तशा आतल्या कानातल्या, उंच स्वर टिपणाऱ्या केशपेशी आधी निकामी होतात. पन्नाशीच्या कारागिराला शिट्टी ऐकू आली नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. अशा वेळी घरातल्या शाळकरी पोराला हाक मारलेली बरी!

‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ (१९७९) आणि ‘टेम्पेस्ट’ (१९८१) यांची गोष्टच निराळी. त्यांच्या व्हेक्टर मॉनिटरवर आडव्या रेषांची जाळी नसते. झोत पेनासारखा थेट आकृती काढतो. तिथे टीव्हीच्या पद्धतीचा मॉनिटर जोडून भागत नाही.

खात्रीचा पुरावा म्हणजे मागच्या सांगाड्यावरचे लेबल. ‘इलेक्ट्रोहोम जी०७’ किंवा ‘वेल्स-गार्डनर के७०००’ असेल तर मॉनिटर साधा. ‘जी०५’ असेल तर व्हेक्टर. पण तिथे हात घालू नये. रंगीत नळीला २० हजार व्होल्टच्या घरातला दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही नळीत विद्युतभार साठून राहू शकतो. नळीवरच्या रबरी टोपीपासून तर लांबच राहावे. बॅटरीचा उजेड पाडून बाहेरूनच मोबाइलने फोटो काढला तरी लेबल वाचता येते.

अंदाज चुकला तर चित्र फाटते किंवा शेजारी शेजारी दोनदा उमटते. तसे दिसताच यंत्र लगेच बंद करावे; काही मॉनिटरांत आडव्या रेषा आखणारा ट्रान्झिस्टर तापून जळतो.