एकट्याला समेवर येता येतं का?

मित्रहो, साखऱ्यात येऊन फंक संगीतावर बोलायचं म्हणजे म्हाताऱ्याला काहीतरी झालंय, असं ज्यांना वाटलं असेल त्यांनाही नमस्कार. नामदेवांची नर्सी आपल्याच जिल्ह्यातली. भजन म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. एकजण पुढे म्हणतो, बाकीचे मागे झेलतात, मृदंग आणि टाळ त्यांना धरून ठेवतात आणि समेवर सगळे भेटतात. आजचा प्रश्न याच भेटीचा आहे.

आधी फंक म्हणजे काय ते पाहू. १९६०च्या दशकात अमेरिकेत जेम्स ब्राऊन या कृष्णवर्णीय गायकानं चार मात्रांपैकी पहिलीवर सगळा भार टाकला. तोवर तिकडच्या लोकप्रिय गाण्यांत जोर बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असे. ब्राऊन या पहिल्या मात्रेला नुसतं 'वन' म्हणत. आपल्या समेची ही हुबेहूब जुळी बहीण नव्हे, पण नात्यातली नक्कीच. मधल्या जागा ज्यानं त्यानं आपल्या परीनं भराव्यात, 'वन'वर मात्र सगळ्यांनी हजर व्हायचं.

आता स्टुडिओकडे वळू. तिथे सगळ्यांनी एकत्र बसायलाच हवं असं नाही. फितीवर शेजारीशेजारी अनेक पट्ट्या असतात. आज एकीवर ड्रम भरा, उद्या ते ऐकत दुसरीवर गिटार वाजवा, परवा तिसरीवर गा. म्हणजे जो मेळ आपण ऐकतो, तो प्रत्यक्षात कधी जमलेलाच नसतो!

स्लाय स्टोनचं उदाहरण घ्या. त्याच्या बँडच्या नावातच 'फॅमिली' होतं, आणि त्या कुटुंबात काळे-गोरे, बाया-पुरुष सगळे होते. १९६९चा त्यांचा 'स्टँड!' हा अल्बम ऐकला की भरलेलं घर आठवतं. १९७१च्या 'देअर्स अ रायट गोइन ऑन'मध्ये मात्र बरीच वाद्यं स्लायनं एकट्यानं वाजवली. अनेक गाण्यांत ड्रमरच्या जागी ठेका देणारं यंत्र आलं. पुन्हापुन्हा पुसून-भरून फीत झिजली आणि आवाज धुरकट झाला. तरीही हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

आपल्या शेजारच्या गोव्यातही असं एकट्यानं केलेलं काम आहे. शिवोलीचे रेमो फर्नांडिस हे काही फंकवाले नव्हेत. पाश्चात्त्य पॉप-रॉक आणि गोव्याचं संगीत यांचा संगम म्हणजे त्यांची गाणी. १९८४ साली त्यांनी 'गोवन क्रेझी' हा अल्बम घरीच, चार पट्ट्यांच्या कॅसेट-यंत्रावर केला. सगळी वाद्यं त्यांनीच वाजवली, सगळे आवाज त्यांचेच. अशा यंत्रावर पट्ट्या संपल्या की तीन पट्ट्यांवरचं चौथीवर एकत्र करायचं आणि त्या तीन पुसून पुन्हा वापरायच्या. एकदा पुसलं की मागे फिरणं नाही.

आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो की सम गाठायला दुसरा माणूस लागतो. या अल्बमांनी आम्हाला खोटं पाडलं. एकट्यालाही समेवर येता येतं. कालच्या आपल्याच वाजवण्याशी आज जुळवून घ्यायचं असतं, एवढंच. पण इथेच एक फरक दिसतो. भजनात मृदंगवाला किंचित घसरला तर टाळकरी त्याला सांभाळून घेतात. ते क्षणभर थांबतील, थोडे पुढे सरकतील. फीत असं काही करत नाही. काल भरलेला ठेका आज तुमच्यासाठी तसूभरही हलत नाही. एकट्याला सम मिळते, पण चुकल्यावर सांभाळून घेणारं कुणी मिळत नाही.

रेमोंनी पुढे काय केलं? त्या कॅसेट घेऊन ते स्कूटरवरून गोव्यातली दुकानं स्वतः फिरले. एकट्यानं घडवलेली गोष्ट शेवटी माणसांत न्यावीच लागली.

गावातली पोरं आज मोबाईलवर एकट्यानं गाणी बनवतात. त्यांना आमचा विरोध नाही. सत्तरीनंतर आमचे स्वतःचे दिवसही बरेचसे एकट्याचेच झालेत, तेव्हा त्या खोलीची ओढ आम्हाला कळते. फक्त एवढं करा, की ते गाणं एकदा देवळात भजनाला बसणाऱ्यांपुढे वाजवा. त्यांचे टाळ त्यात कुठे शिरतात ते पाहा. कदाचित ते चुकतील. मग सांभाळून घ्यायची पाळी तुमची.

आता प्रश्न विचारा.