हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर : जोडी जुळविताना

ध्वनिमुद्रित संगीताचा निवांत आस्वाद घेणाऱ्या रसिकांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. ग्रामोफोन, रेडिओ, कॅसेट, सीडी अशी वळणे घेत हा छंद आता मोबाइलपर्यंत येऊन पोहोचला आहे. महानगरांतील सदनिकांत मोठे स्पीकर मांडण्यास ना पुरेशी जागा असते, ना शेजाऱ्यांची संमती. साहजिकच अनेक रसिकांचा ओढा उच्च प्रतीच्या हेडफोनकडे वळला आहे. हजारो रुपये, क्वचित लाखाच्या घरातील रक्कम मोजून हेडफोन घरी आणला जातो, मोबाइलला जोडला जातो आणि बहुधा येथेच पहिला अपेक्षाभंग होतो. आवाज क्षीण वाटतो, गाण्यात प्राण नसल्यासारखे भासते. मग कोणीतरी ‘याला चांगला अ‍ॅम्प्लिफायर हवा’ असे सुचविते आणि तितकीच मोठी दुसरी खरेदी होते. ती करताना मात्र किंमत आणि वॅटचा आकडा एवढेच पाहिले जाते.

वस्तुतः ही जोडी जुळविण्यासाठी लागणारी बहुतेक माहिती हेडफोनच्या माहितीपत्रकातच छापलेली असते. ती वाचता आली तर दुसरी खरेदी किती मोठी असावी, किंबहुना ती करावी की नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत ठरविता येते. कर्जप्रकरणात अर्जदाराची गरज आधी आणि मंजुरीची रक्कम नंतर ठरते. येथेही क्रम तोच असावा.

माहितीपत्रकातील दोन आकडे

सर्वसाधारण हेडफोनच्या आत एक अतिशय पातळ पडदा, त्याला जोडलेले बारीक तारेचे वेटोळे आणि एक चुंबक असते. संगीताच्या लहरींनुसार बदलणारा विद्युतप्रवाह वेटोळ्यातून गेला की पडदा कंप पावतो व ध्वनी निर्माण होतो. या प्रवाहाला हेडफोनकडून होणारा एकूण विरोध म्हणजे त्याचा इम्पीडन्स. तो ओहम या एककात सांगतात. दिलेल्या विजेत हेडफोन किती मोठा आवाज काढतो, ही त्याची संवेदनशीलता. ती डेसिबलमध्ये सांगतात.

इम्पीडन्स जास्त म्हणजे हेडफोन चालविण्यास जड, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. जर्मनीतील बायरडायनॅमिक कंपनीने आपला डीटी ८८० हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत विकला आहे. जास्त ओहमच्या प्रकारात अधिक बारीक तार वापरलेली असते. त्याला व्होल्टेज जास्त लागते, पण प्रवाह कमी लागतो. कमी ओहमच्या प्रकाराचे याच्या नेमके उलट असते. म्हणजे प्रश्न जड-हलक्याचा नसून मागणी कशाची आहे, हा आहे.

हे स्पष्ट होण्यासाठी तीन सुप्रसिद्ध हेडफोनांचा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. संगीतातील क्षणिक, सर्वांत मोठे ध्वनी ११० डेसिबलपर्यंत विनासायास पोहोचावेत, असे उद्दिष्ट धरू. हे उद्दिष्ट उदार आहे. ऐकण्याची सरासरी पातळी त्याहून खूपच खाली असते, किंबहुना असावयास हवी. तथापि ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आलापी अगदी हळू आवाजात सुरू होते आणि द्रुत ताना व तबल्याच्या तिहाईपर्यंत आवाज कितीतरी पट चढतो. त्या चढाईसाठी ही जागा राखून ठेवावी लागते.

पहिला हेडफोन सेनहायझरचा एचडी ६५०. २००३ मध्ये आलेल्या या हेडफोनचा इम्पीडन्स ३०० ओहम आहे आणि १ व्होल्टला तो १०३ डेसिबल आवाज देतो. ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे २.२ व्होल्ट लागतात. शक्ती मात्र जेमतेम १७ मिलिवॅट आणि प्रवाह ७ ते ८ मिलिअँपिअर पुरतो. दुसरा व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा २००५ मधील के ७०१. याचा इम्पीडन्स ६२ ओहम असून १ व्होल्टला तो १०५ डेसिबल देतो. त्याला व्होल्टेज कमी, म्हणजे सुमारे १.८ व्होल्ट पुरते, पण शक्ती ५१ मिलिवॅट आणि प्रवाह जवळजवळ २९ मिलिअँपिअर लागतो. कागदावर ‘हलका’ दिसणारा हा हेडफोन एचडी ६५० च्या तिप्पट शक्ती मागतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

तिसरा हायफायमनचा २०१० च्या सुमाराचा एचई-६. याच्या रचनेत वेटोळ्याऐवजी संपूर्ण पडद्यावर पसरलेली वाहक पट्टी असते. इम्पीडन्स अवघा ५० ओहम, परंतु संवेदनशीलता १ मिलिवॅटला केवळ ८३.५ डेसिबल. ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे एचडी ६५० च्या सव्वीसपट शक्ती. हा हेडफोन अनेक शौकिनांनी थेट स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, तो केवळ हौसेपोटी नव्हे.

आता मोबाइलकडे वळता येईल. हेडफोनचे छिद्र नसलेल्या फोनला जोडावयाचे छोटे यूएसबी अ‍ॅडाप्टर साधारणतः १ व्होल्टपर्यंत देतात, काही त्याहून कमी. एचडी ६५० त्यावर १०३ डेसिबलपर्यंत जातो. सतत मोठ्या आवाजात मुद्रित केलेल्या चित्रपटगीतांना एवढे बहुधा पुरते. जुन्या, हळू मुद्रित केलेल्या मैफलींना ते अपुरे पडू शकते. तेव्हा मोबाइलवर हा हेडफोन वाजतच नाही, हे विक्रेत्यांचे नेहमीचे वाक्य अतिशयोक्तीचे म्हणावे लागेल. एचई-६ च्या बाबतीत मात्र ते योग्य आहे.

एककातील फसगत

संवेदनशीलतेचा आकडा वाचताना एक मोठी चूक हमखास होते. काही कंपन्या तो १ मिलिवॅटला किती डेसिबल, असा देतात, तर काही १ व्होल्टला किती, असा देतात. दोन्ही ठिकाणी ‘१०० डेसिबल’ छापलेले असले तरी अर्थ एक नव्हे. ३२ ओहमच्या हेडफोनला १ मिलिवॅटला १०० डेसिबल मिळत असतील तर १ व्होल्टला ११५ डेसिबल मिळतील. हा १५ डेसिबलचा फरक शक्तीच्या भाषेत सुमारे बत्तीसपट आहे. मिलिवॅटच्या आकड्यावरून व्होल्टचा आकडा काढताना ३२ ओहमसाठी १५, ५० ओहमसाठी १३, ३०० ओहमसाठी ५ आणि ६०० ओहमसाठी २ डेसिबल मिळवावेत. एवढी बेरीज न केल्यामुळे चुकीचा अ‍ॅम्प्लिफायर गळ्यात पडल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकातही अशीच सावधगिरी हवी. ‘२ वॅट’ हा आकडा बहुधा १६ किंवा ३२ ओहमसाठीचा असतो. तोच अ‍ॅम्प्लिफायर ३०० ओहमला किती देतो, हे वेगळे पाहावे लागते, कारण तेथे व्होल्टेजची मर्यादा आड येते. एका अभियंत्याने स्वतःचे नाव गुप्त ठेवून २०११ मध्ये ‘ओ-टू’ नावाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्याचे मोजलेले आकडे या दृष्टीने बोलके आहेत. ३३ ओहमला ६१३ मिलिवॅट, १५० ओहमला ३५५ मिलिवॅट आणि ६०० ओहमला ८८ मिलिवॅट. ६०० ओहमचा आकडा लहान दिसतो, पण तो ७ व्होल्टहून अधिक आहे आणि एचडी ६५० च्या गरजेच्या तिप्पट आहे. हा साधा, स्वस्त आराखडा पाहिल्यानंतर त्याच्या दसपट किमतीचे यंत्र नेमके काय अधिक देते, हा प्रश्न विचारणे ग्राहकाच्या हिताचे आहे. पुष्कळदा उत्तर देखणे आवरण, सुबक बटणे आणि जोडण्यांची विविधता असे असते. त्यासाठी पैसे मोजण्यात काही वावगे नाही, फक्त ते कशासाठी मोजले जात आहेत, हे ठाऊक असावे.

अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत विरोध

आवाजाची उंची जमली तरी आवाजाचा पोत बिघडू शकतो. त्याचे कारण अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या अंतर्गत विरोधात, म्हणजे आउटपुट इम्पीडन्समध्ये असते. अ‍ॅम्प्लिफायरने दिलेले व्होल्टेज हा विरोध आणि हेडफोन यांच्यात वाटले जाते. हेडफोनचा इम्पीडन्स सर्व स्वरांना समान असता तर केवळ आवाज थोडा कमी झाला असता. परंतु तो तसा नसतो. एचडी ६५० चा इम्पीडन्स मध्यसप्तकाच्या भागात ३०० ओहमच्या आसपास असला तरी खर्जाच्या भागात, १०० हर्ट्झच्या जवळपास, तो ५०० ओहमच्या घरात जातो. ज्या भागात इम्पीडन्स जास्त, त्या भागाला व्होल्टेजचा अधिक वाटा मिळतो.

जुन्या रिसीव्हरमध्ये हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसे. स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे एक रोधक लावून काम भागविले जाई. १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात १२० ओहमची शिफारसही आढळते. अशा १२० ओहमच्या उगमावर एचडी ६५० चा खर्ज सुमारे १ डेसिबलने उचलला जातो. डग्ग्याचा घुमारा किंचित भरदार होतो आणि पुष्कळांना तो आवडतोही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर ३०० ओहमच्या हेडफोनांबरोबर ‘ऊबदार’ वाटतात, त्यामागे हे एक कारण आहे. मात्र ३२ ओहमचा आणि खर्जात ६४ ओहमपर्यंत चढणारा हेडफोन त्याच १२० ओहमवर लावला तर फरक ४ डेसिबलच्या वर जातो. मग तानपुऱ्याची जवारी मागे पडते आणि सर्वत्र नुसती घुमघुम उरते. कानात घालावयाच्या, अनेक सूक्ष्म ड्रायव्हर असलेल्या इअरफोनांचे तर याहूनही विचित्र होते, कारण त्यांचा इम्पीडन्स स्वरागणिक वर-खाली होत असतो. याउलट एचई-६ सारख्या पट्टीच्या हेडफोनांचा इम्पीडन्स जवळजवळ सरळ असतो. तेथे पोत बदलत नाही.

यावरचा प्रचलित ठोकताळा असा की अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा. ३२ ओहमला ४, तर ३०० ओहमला सुमारे ३७. हा नियम पाळला तर सर्वांत वाईट परिस्थितीतही फरक १ डेसिबलच्या आसपासच राहतो. उत्तम सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा आकडा १ ओहमहून कमी असतो आणि तो कोणत्याही हेडफोनला चालतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावयाचा असेल तर हा आकडा विचारल्याशिवाय घेऊ नये.

स्थिरविद्युत तत्त्वावरील हेडफोन या साऱ्या चर्चेबाहेरचे आहेत. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये असा पहिला हेडफोन बाजारात आणला. आज त्यांच्या पडद्याला ५८० व्होल्टचा स्थिर दाब द्यावा लागतो. साधा अ‍ॅम्प्लिफायर तेथे निरुपयोगी, स्वतंत्र ड्रायव्हर यंत्रच हवे. सेनहायझरने १९९१ मध्ये ऑर्फियस हा संच हेडफोन व व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर एकत्रच देऊन विकला. ब्लूटूथच्या हेडफोनांनाही वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही, तो त्यांच्या आतच बसविलेला असतो.

जास्तीच्या शक्तीची किंमत

गरजेपेक्षा मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर बिघडले कुठे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पैसे तर जातातच, शिवाय दोन व्यावहारिक अडचणी उद्भवतात. संवेदनशील इअरफोनवर मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचा सूक्ष्म ‘सस्स’ असा आवाज सतत ऐकू येतो. दुसरे म्हणजे बटण जरा फिरविताच आवाज अंगावर येतो आणि त्या पहिल्या काही अंशांत पुष्कळ बटणांचे डावे-उजवे कान समान वाजत नाहीत. गेन कमी करण्याची कळ असलेल्या यंत्रात हे टळते.

खरा धोका मात्र कानाला आहे. १ मिलिवॅटला ११० डेसिबल देणारा इअरफोन १ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला तर गणिताने १४० डेसिबलपर्यंतची वाट मोकळी होते. बटणावर चुकून हात पडला तरी पुरे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल पातळीवर ४० तास ही मर्यादा आहे. मुलांसाठी तीच ७५ डेसिबल आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ९२ डेसिबलवर आठवड्याला केवळ अडीच तास उरतात, म्हणजे एक भरगच्च मैफल. योगायोग असा की सेनहायझरचा हेडफोन विभाग २०२२ मध्ये सोनोव्हा या स्विस समूहाने विकत घेतला आणि श्रवणयंत्रे हा त्या समूहाचा प्रमुख व्यवसाय आहे.

‘बॅलन्स्ड’ जोडणीविषयी एक सूचना आवश्यक आहे. अशा जोडणीत व्होल्टेज दुपटीपर्यंत मिळते, म्हणून एचई-६ सारख्या हेडफोनला ती उपकारक ठरते. एचडी ६५० ला तिची निकड नाही. परंतु तीन तारांच्या साध्या पिनेचा हेडफोन घरगुती अ‍ॅडाप्टर करून या जोडणीत कधीही लावू नये. त्यात दोन्ही कानांची परतीची तार एकच असल्याने अ‍ॅम्प्लिफायरची दोन टोके एकमेकांना भिडतात आणि यंत्र जळू शकते.

दुकानात दोन अ‍ॅम्प्लिफायरांची तुलना करताना दोघांचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. अवघा १ डेसिबल मोठा वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर कानाला ‘मोठा’ वाटत नाही, तो ‘चांगला’ वाटतो. स्वतःचा हेडफोन आणि परिचयाचे एखादे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे, शक्यतो हळू आवाजात सुरू होणारे. बटण शून्यावर आणून मगच हेडफोन लावावा आणि कोणता अ‍ॅम्प्लिफायर वाजत आहे, हे विक्रेत्याला सांगू देऊ नये.