अर्थ न कळताही क्रम कळावा

२४, २३२, ७. डेटाबेसच्या एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे निघालेल्या संदेशातले हे तीन बाइट. त्यांचा अर्थ असा: तिसऱ्या क्रमांकाच्या रकान्यात १००० ही संख्या आहे. रकान्याचं नाव नाही, कंस नाहीत, अवतरणचिन्हं नाहीत. हीच गोष्ट जेसन या मजकुरी फॉरमॅटमध्ये लिहायची आणि रकान्याला 'शिल्लक' म्हणायचं, तर २७ बाइट जातात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि 'शिल्लक'मध्ये वेलांटी व हलन्त धरून सहा चिन्हं आहेत. म्हणजे १८ बाइट नुसत्या नावातच गेले, आणि ते प्रत्येक नोंदीत पुन्हा जाणार.

हे तीन बाइट उलगडून बघण्यासारखे आहेत. २४ला ८ने भागा: भागाकार ३, बाकी ०. भागाकार म्हणजे रकान्याचा क्रमांक. बाकी म्हणजे पुढे कोणत्या प्रकारचा ऐवज येतोय त्याची खूण. ० असेल तर कमीजास्त लांबीची पूर्ण संख्या. पुढचा बाइट २३२. बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असेल तर संख्या अजून संपलेली नाही असं समजायचं आणि १२८ वजा करायचे, उरले १०४. मग ७. हा १२८पेक्षा लहान, म्हणजे संख्या इथे संपली. ७ गुणिले १२८, अधिक १०४. बरोबर १०००. संख्या स्वतःच सांगते आहे की ती कुठे थांबते!

ही गूगलच्या प्रोटोकॉल बफर्सची, म्हणजेच प्रोटोबफची रीत. गूगलने ती आधी घरातल्या घरात वापरली आणि २००८मध्ये सगळ्यांना खुली केली. लहान संख्या लहान जागेत मावतात, पण ऋण संख्यांची पंचाईत होते. संगणकात −१ म्हणजे सगळेच्या सगळे बिट १, त्यामुळे या रीतीने बिचारा −१ दहा बाइट अडवून बसतो. त्यावरचा उतारा फार सुंदर आहे: संख्यांना नागमोडी क्रमांक द्यायचे. ०ला ०, −१ला १, १ला २, −२ला ३, २ला ४. शून्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने पावलं टाकत जायचं, म्हणजे शून्याजवळची प्रत्येक संख्या, धन असो की ऋण, एकाच बाइटात बसते.

अनेक यंत्रांवर पसरलेल्या डेटाबेससाठी फॉरमॅट निवडायचा म्हटलं की चर्चा बहुतेक वेळा या बचतीपाशीच घुटमळते. कोण किती बाइट घेतो, कोण किती वेगाने उलगडतो, याचे तक्ते काढले जातात. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. खरा प्रश्न असा की हे बाइट वाचणार कोण आणि त्या वाचणाऱ्याला काय काय माहीत नसणार? अशा डेटाबेसमध्ये दोन तऱ्हेचे अनभिज्ञ वाचक असतात, आणि दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या.

पहिला वाचक म्हणजे जुना प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर. शंभर यंत्रांचा क्लस्टर एका क्षणात अपग्रेड होत नाही. डेटाबेस चालू ठेवून एकेक यंत्र बदलत जावं लागतं. तेवढ्या काळात नव्या यंत्राने लिहिलेलं जुन्याने वाचायचं असतं, म्हणजे स्वतःच्या भविष्यातून आलेलं पत्र वाचायचं. प्रोटोबफमधली ती 'बाकी' इथे कामाला येते. रकाना क्रमांक १७ म्हणजे काय हे जुन्या यंत्राला ठाऊक नाही, पण बाकी ० असेल तर १२८पेक्षा लहान बाइट येईपर्यंत पुढे जा, १ असेल तर आठ बाइट ओलांड, ५ असेल तर चार, २ असेल तर आधी दिलेल्या लांबीइतकं पुढे सरक, एवढं त्याला कळतं. न समजलेली गोष्ट नेमकी किती मोठी आहे हे त्याला समजतं, आणि तेवढ्यावर त्याचं काम चालतं.

पण नुसतं ओलांडून भागत नाही. समजा जुन्या यंत्राने नोंद वाचली, त्यातला एक आकडा बदलला आणि नोंद परत लिहिली. न समजलेला रकाना त्याने वाटेत टाकून दिला असेल, तर नव्या यंत्राने लिहिलेली माहिती कोणाच्याही नकळत नाहीशी झाली. प्रोटोबफच्या तिसऱ्या पिढीत सुरुवातीला असंच होत असे, अनोळखी रकाने गळून जात. २०१७मध्ये ३.५ या आवृत्तीत ते पुन्हा जपले जाऊ लागले: जे कळत नाही ते जसंच्या तसं पुढे द्यायचं. याच पिढीने 'अमुक रकाना असलाच पाहिजे' असं बजावण्याची सोयही काढून टाकली. आज अनिवार्य वाटणारा रकाना उद्या नकोसा होतो, आणि मग तो नसलेली नोंद जुनी यंत्रं साफ नाकारतात.

राहिला सगळ्यात कडक नियम: एकदा वापरलेला क्रमांक रकाना रद्द झाला तरी दुसऱ्या कशाला द्यायचा नाही. तो का, हे समजायला डेटाबेसच्या जरा बाहेरचं एक उदाहरण बघावं लागेल. जुलै २०१२च्या अखेरीस अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने आपल्या आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्रॅम चढवला होता. प्रत्यक्षात तो सातांवरच चढला. नव्या सोयीसाठी त्यांनी एक जुनी, वापरातून गेलेली खूण पुन्हा वापरली होती. १ ऑगस्टला सात सर्व्हरांनी तिचा नवा अर्थ घेतला. आठव्यावर मात्र त्या खुणेने वर्षानुवर्षं झोपलेला जुना प्रोग्रॅम जागा झाला, आणि तो थांबेचना, ऑर्डरींमागून ऑर्डरी पाठवत राहिला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. बाइट तेच होते, फक्त वाचणाऱ्याच्या डोक्यातला अर्थ वेगळा होता. म्हणून प्रोटोबफमध्ये रद्द झालेल्या क्रमांकावर 'राखीव' अशी पाटी लावून ठेवायची सोय आहे.

याच पहिल्या वाचकासाठी ॲव्रो या फॉरमॅटची वाट वेगळी आहे. हडूपच्या डग कटिंग यांनी २००९च्या सुमारास ते सुरू केलं. त्यात क्रमांकही नाहीत; लिहिणाऱ्याचा स्कीमा, म्हणजे रकान्यांचं वर्णन, आणि वाचणाऱ्याचा स्कीमा समोरासमोर ठेवून रकान्यांचा मेळ घालायचा. लाखो एकसारख्या नोंदींच्या फायलीसाठी हे उत्तम, कारण स्कीमा फायलीच्या सुरुवातीला एकदाच लिहिला की झालं.

आता दुसरा वाचक. माझा जीव खरा याच्यातच गुंतला आहे. डेटाबेसच्या तळाशी नोंदी साठवणारा एक थर असतो. शिल्लक, तारीख, गाव यांतलं त्याला काहीही कळत नाही. त्याला एकच गोष्ट येते: बाइटांच्या दोन माळा घेऊन डावीकडून एकेक बाइट ताडून बघणं आणि कोणती आधी, कोणती नंतर ते ठरवणं. सगळ्या नोंदी तो आपापल्या किल्लीनुसार, म्हणजे ज्या बाइटांवरून नोंद शोधतात त्यांनुसार, याच क्रमाने लावतो. गूगलने २००६मध्ये आपल्या बिगटेबल या डेटाबेसचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यातही नोंदी अशाच किल्लीच्या क्रमाने लावलेल्या होत्या आणि क्रमाचे सलग तुकडे वेगवेगळ्या यंत्रांना वाटून दिलेले होते. क्रमात जे शेजारी, ते बहुधा एकाच यंत्रावर. म्हणून त्या निबंधात वेबपानांचे पत्ते उलटे लिहिले आहेत, कॉम.सीएनएन.डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असे, म्हणजे एका संकेतस्थळाची पानं आपोआप एकत्र येतात.

मग किल्लीतल्या संख्या कशा लिहायच्या? मजकूर म्हणून लिहिल्या तर '१०' हा '९'च्या आधी येतो. प्रोटोबफच्या रीतीने लिहिल्या तर १०००चे बाइट २३२, ७ आणि १०२४चे १२८, ८. पहिलाच बाइट बघून तळातला थर म्हणणार, १००० मोठे. जागा वाचवणाऱ्या त्याच युक्तीने इथे क्रम मोडला, कारण तिच्यात संख्येचा लहान भाग आधी येतो आणि मोठा मागून.

फाउंडेशनडीबी हा डेटाबेस ॲपलने २०१५मध्ये विकत घेतला आणि २०१८मध्ये त्याचा स्रोत खुला केला. त्याच्या किल्ल्यांमध्ये १००० असे लिहितात: २२, ३, २३२. पहिला बाइट सांगतो की ही दोन बाइटांची धन संख्या आहे. मग ३ गुणिले २५६ अधिक २३२. शून्याची खूण २०, एका बाइटाच्या धन संख्येची २१, दोन बाइटांची २२. लांब संख्येची खूण मोठी, त्यामुळे लांबी वेगळी असली तरी क्रम ढळत नाही. ऋण संख्या शून्याच्या खाली उतरतात: एका बाइटाची १९, दोन बाइटांची १८, आणि मूल्य उलट्या बाजूने मोजलेलं. −१ होतो १९, २५४. −५ होतो १९, २५०. −१००० होतो १८, २५२, २३. ताडून बघा: १८ने सुरू होणारा सगळ्यात आधी, मग १९, २५०, मग १९, २५४, मग शून्य. गणितातली सगळी संख्यारेषा, ज्याला गणिताचा गंधही नाही अशा यंत्रासाठी बिनचूक मांडलेली! आणि हजार इथेही तीनच बाइटांत.

दशांशी संख्यांचं तर नशीबच थोर. १९८५च्या आयट्रिपलई ७५४ या मानकात संख्येचं चिन्ह आधी, मग घातांक, मग अपूर्णांक अशी रचना आहे. घातांकात ठरावीक भर घालून तो कधीच ऋण दिसणार नाही अशी तजवीजही केलेली. त्यामुळे दोन धन दशांशी संख्यांचे बिट साध्या पूर्ण संख्यांसारखे ताडले तरी उत्तर बरोबर येतं. किल्ली करताना एवढंच करायचं: संख्या धन असेल तर पहिला बिट उलटा करायचा, ऋण असेल तर सगळे.

किल्लीत दोन गोष्टी असल्या, समजा गाव आणि मग नाव, तर आणखी एक पेच येतो. नुसतं जोडून लिहिलं तर गाव कुठे संपलं आणि नाव कुठे सुरू झालं ते कळत नाही. फाउंडेशनडीबी मजकुराच्या शेवटी शून्य बाइट ठेवतं. मजकुरातच शून्य आलं तर? मग त्याच्यापुढे २५५ लिहायचे. २५५च का, तर पुढच्या घटकाची खूण नेहमी त्याहून लहान असते. म्हणून 'इथे संपलं' हे 'इथून पुढे चालू आहे' याच्या आधीच लागतं. आखूड शब्द आधी, लांब नंतर, शब्दकोशात असतो तसाच क्रम. या एका बाइटाच्या निवडीवर मी पुन्हा पुन्हा थक्क होतो.

दोन वाचकांना एकच फॉरमॅट पुरत नाही, आणि जाणते लोक तसा हट्टही धरत नाहीत. कॉक्रोचडीबी या डेटाबेसमध्ये किल्ल्या क्रम राखणाऱ्या रीतीने लिहितात, यंत्रांमधले संदेश आणि तक्त्यांची वर्णनं प्रोटोबफमध्ये, आणि ओळीतल्या बाकी रकान्यांसाठी तिसरीच काटकसरी रीत, जिच्यात रकान्याच्या क्रमांकाऐवजी मागच्या रकान्यापासूनचं अंतर लिहितात.

आपल्या अक्षरांचं काय होतं? केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये यूटीएफ-८ असं बांधलं की बाइटांचा क्रम आणि युनिकोडमधल्या क्रमांकांचा क्रम एकच राहतो. क पासून ह पर्यंत बरंचसं सुरळीत चालतं. अडतं ते ळपाशी. युनिकोडची देवनागरी आयएससीआयआय या भारतीय मानकाच्या १९८८च्या मांडणीवर बेतली आहे, आणि तिथे ळ हा लच्या शेजारी आहे. ळचे बाइट २२४, १६४, १७९. वचे २२४, १६४, १८१. म्हणून तळातल्या थराच्या हिशेबाने 'काळ' आधी आणि 'कावळा' नंतर. मराठी वर्णमालेत ळ हच्या नंतर येतो, म्हणजे शब्दकोशात याच्या बरोबर उलट. ॲपलमधला, ॲव्रोमधला ॲ तर युनिकोडमध्ये मागाहून आला, त्यामुळे तो सगळ्या व्यंजनांच्याही पलीकडे जाऊन बसतो.

यावर उपाय आहे. नावावरून वर्णमालेच्या नियमांनी वेगळी बाइटमाळ तयार करायची, ती किल्लीत ठेवायची आणि मूळ नाव शेजारी जपायचं. पण मग ते नियमही त्या फॉरमॅटचाच भाग होतात. ऑगस्ट २०१८मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात अनेक भाषांचे क्रमवारीचे नियम बदलले. पोस्टग्रेस हा डेटाबेस मजकुराचा क्रम या लायब्ररीला विचारून लावत असे. ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केल्यावर इंडेक्स जुन्या नियमांनी लावलेला आणि शोध नव्या नियमांनी चाललेला, असं होऊ लागलं. नोंद डिस्कवर असूनही सापडेना, आणि एकदाच असायला हवी ती नोंद दोनदा शिरू लागली. एकाच क्लस्टरमधल्या दोन यंत्रांवर दोन आवृत्त्या असतील तर एक म्हणणार काळ आधी, दुसरं म्हणणार कावळा. कॉक्रोचडीबी हे नियम ऑपरेटिंग सिस्टिमकडून उसने घेत नाही. ते डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्येच बांधलेले असतात. तरीही ते बदलायचे झाले, तर त्यांच्यावर उभा असलेला प्रत्येक इंडेक्स पहिल्या नोंदीपासून पुन्हा बांधावा लागतो.